सहा फुटी टाकीतला शेजार

मच्छी मार्केटात चिलापी घेताना तिच्या नाकाकडे कोणी बघत नाही. डोळे बघतात, कल्ला उचलून लाली बघतात, बोटाने पोट दाबून बघतात. पुढच्या वेळी नाक बघा. बाजूच्या पाटीतल्या रोहूला प्रत्येक अंगाला नाकपुडीची दोन-दोन भोकं दिसतील, चिलापीला एकेकच. हे सिक्लिड कुळाचं लक्षण. गोव्यात चवीने खाल्ली जाणारी कालुंदर याच कुळातली. वाशी-नेरूळच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काचेला तोंड लावून तुमच्याकडे टक लावून बघणारा ऑस्करही याच कुळातला. दुकानात कोणी त्यांना 'चिचलिड' म्हणतं, कोणी 'सिक्लिड', मासा तोच.

या कुळात आजवर १,७०० च्या आसपास जातींची नोंद झाली आहे. बहुतेक आफ्रिकेत आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत. भारतात मूळच्या फक्त तीन. या माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने पकडायचं, मागच्याने भरडायचं. भक्ष्य पकडणं आणि चावणं ही दोन कामं वेगळी झाल्यामुळे कोणी शेवाळ खरवडणारा झाला, कोणी वाळू चाळणारा, कोणी गोगलगाय फोडणारा, कोणी दुसऱ्या माशाला सबंध गिळणारा. म्हणूनच 'सिक्लिडबरोबर काय ठेवू' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठला सिक्लिड, ते आधी सांगावं लागतं.

मला तो प्रश्न जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येतो: "ऑस्करबरोबर काय ठेवू?" त्यावर मी उलट विचारतो, टाकी केवढी, आणि घर कितव्या मजल्यावर?

मजल्याचा प्रश्न विचारला की लोक हसतात. तेव्हा हिशेब मांडून दाखवतो. मोठ्या दक्षिण अमेरिकन माशांसाठी मला पटणारं किमान माप म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चोवीस घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर पाणी. म्हणजेच ६८० किलो. बारा मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या आसपास. वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड. सगळं मिळून नऊशे किलोंच्या घरात, आणि तेही जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. आपल्या भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची लादी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून आखतात. याचा अर्थ टाकी ठेवली की स्लॅब कोसळेल असा नाही; भार आजूबाजूला पसरतो, आणि भिंतीलगत, बीमच्या वर किंवा कॉलमजवळ टाकी ठेवली तर बहुतेक इमारती ती पेलतात. पण खोलीच्या मधोमध नको, आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीवर तर कधीच नको. इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल, छतातून सळ्या दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, माशांचं नंतर बघू.

पाण्याच्या बाबतीत मात्र नवी मुंबईकर नशीबवान आहे. महापालिकेच्या हद्दीत नळाला येणारं पाणी मुख्यतः मोरब्याचं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेलं हे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, आणि पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन शहरात येतं. सह्याद्रीच्या उतारावरचा पाऊस काळ्या कातळावरून वाहत धरणात उतरतो. वाटेत चुनखडी नाही, त्यामुळे पाण्यात फारसे क्षार मिसळत नाहीत. असं मऊ पाणी अ‍ॅमेझॉनच्या माशांना मानवतं. राजस्थानातल्या किंवा बंगळुरूच्या बोअरवेलवाल्या हौशी माणसाला जे आरओ लावून मिळवावं लागतं, ते आपल्याला नळ सोडला की मिळतं. फक्त दोन गोष्टी बघा. उलवे-खारघरकडे सिडकोचं पाणी वेगळ्या धरणाचं असतं, आणि पुष्कळ सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळतात, म्हणून स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊन आपल्याच नळाचं पाणी महिन्यातून एकदा मोजा. दुसरं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळतात ते सोडियम थायोसल्फेटचे खडे. ते घातल्याशिवाय एक बादलीसुद्धा टाकीत ओतायची नाही.

पाण्याचा पीएच सातावर की साडेसहावर, यासाठी जीव काढू नका. आपल्याकडे विकले जाणारे ऑस्कर, एंजल, सेव्हरम हे अ‍ॅमेझॉनमधून पकडून आणलेले नसतात. चेन्नईचं कोलत्तूर, कोलकात्याचा परिसर, अशा ठिकाणच्या हौदांत त्यांच्या कित्येक पिढ्या निपजल्या आहेत. त्यांना स्थिर पाणी हवं, पुस्तकातला आकडा नको. बाटलीतली रसायनं घालून पीएच खाली-वर करणाऱ्यांच्या टाक्या मी बुडताना पाहिल्या आहेत.

थोडासा अ‍ॅमेझॉनचा रंग हवाच असेल तर आपल्या रस्त्यांवर देशी बदामाची झाडं आहेतच. त्याची वाळून आपोआप गळलेली, तांबूस-तपकिरी पानं धुऊन टाकीत सोडली की दोन-तीन दिवसांत पाणी फिकट चहासारखं होतं. पानं बागेतली घ्या, पाम बीच रोडच्या कडेची धूळ-धुरात माखलेली नकोत. दगड हवेत तर पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही. याउलट अलिबाग-काशीदहून पोरांनी वेचून आणलेले शंख-शिंपले टाकीत घालायचा मोह टाळा. त्यातला चुना विरघळून पाणी जड होतं. खाडीच्या रेतीचंही तेच. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि मीठही. कुठलीही रेती घेतली तरी चमचाभर बाजूला काढून तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर परत द्या.

आता शेजाराकडे वळू.

दुकानात ऑस्करचं पिल्लू दीड-दोन इंचांचं असतं. काळ्या अंगावर पांढरट नक्षी, भिरभिरते डोळे, आणि त्याच टाकीत त्याच्याएवढीच इतर वीस जातींची पिल्लं गुण्यागोविंदाने फिरत असतात. हे दृश्य बघूनच बहुतेकांची फसगत होते. लहानपणी सगळेच शेजारी चांगले असतात. तो ऑस्कर वर्षभरात वीत ओलांडतो, पूर्ण वाढला की तीस-पस्तीस सेंटीमीटर होतो आणि नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणून दुकानात मासा बघताना त्याचं आजचं माप बघायचं नाही. तीन वर्षांनंतरचं माप बघायचं, आणि सगळ्यांत आधी तोंड.

ऑस्कर क्रूर नाही. जे तोंडात मावतं ते अन्न, इतकाच त्याचा हिशेब. निऑन टेट्रा मावतो, गप्पी मावतो, लहान एंजलही मावतो. एंजलने निऑन खाल्ला म्हणून रडणारे मला दर दोन महिन्यांनी भेटतात. अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात एंजल असलंच बारीक मासळ खाऊन जगतो, त्यात नवल काय? पण 'मावत नाही' यालाही एक पोटनियम आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. खारघरच्या एका मित्राने ऑस्करच्या टाकीत तळ साफ करायला म्हणून कोरीडोरस सोडले. इवलेसे, गोंडस, तळाशी हुंगत फिरणारे कॅटफिश. रात्री फोन आला. ऑस्कर तोंड उघडं टाकून पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळत होता, आणि कोरीचं शेपूट त्याच्या ओठांबाहेर दिसत होतं. कॅटफिशच्या परांना पुढे काटा असतो आणि संकट आलं की तो काटा आडवा होऊन जागीच अडकतो. गावाकडे नदीत शिंगटी पकडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कोरी बाहेरही येईना आणि आतही जाईना. सकाळपर्यंत दोघं गेले. तेव्हा ऑस्करबरोबर काटेवाला लहान मासा कधीच नाही. ठेवायचाच तर आधीच वीतभर वाढलेला, तोंडात कुठल्याही बाजूने न जाणारा.

तोंडाचा हिशेब झाला की स्वभाव, आणि इथे एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे मासे भांडतात ते पिल्लांसाठी. रोहू-कटला नदीच्या पुरात लाखो अंडी सोडून मोकळे होतात. सिक्लिड तसं करत नाहीत. ते जागा निवडतात, साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात, पिल्लांना घेऊन फिरतात. डिस्कसची पिल्लं तर पहिले काही आठवडे आई-बापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खाऊन वाढतात. या आईबापपणासाठी जागा लागते, आणि जागा म्हटली की हद्द आली. ज्या हुशारीमुळे आपल्याला हे मासे कुत्र्यामांजरांइतके जवळचे वाटतात, तीच हुशारी शेजाऱ्यांच्या जिवावर उठते.

माझ्याच टाकीतलं सांगतो. इलेक्ट्रिक ब्लू अकारा हा निळ्या चमचमत्या रंगाचा, हाताच्या तळव्याएवढा, सिक्लिडांत गरीब म्हणून ओळखला जाणारा मासा. माझ्याकडे चार होते. त्याच टाकीत त्यांच्या दीडपट आकाराचे दोन सेव्हरम आणि सहा सिल्व्हर डॉलर. दीड वर्ष कोणी कोणाच्या वाटेला गेलं नाही. एका मार्चमध्ये अकारांच्या दोघांनी डाव्या कोपऱ्यातला सपाट दगड तोंडाने घासायला घेतला. दोन दिवस नुसतं घासणं चाललं होतं, माझ्या आजीने जोंधळे निवडावेत तसं, कणन् कण. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मादीने दगडावर ओळीने अंडी मांडली, नर मागोमाग फिरला, आणि मग त्या जोडीने उरलेल्या सगळ्या टाकीला उजव्या टोकाच्या दीड फुटात कोंबलं. सेव्हरम तिरपे होऊन फिल्टरच्या पाइपमागे उभे. उरलेले दोन अकारा वरच्या कोपऱ्यात, पर फाटलेले. सहा फुटांपैकी साडेचार फूट दोन तळव्याएवढ्या माशांच्या ताब्यात. मध्ये जाळीदार प्लास्टिकचा पडदा लावला तेव्हा इतरांना श्वास मिळाला.

त्या दिवसापासून कोणी 'हे दोन मासे जमतात का' असं विचारलं की मी 'विणीच्या आधी की नंतर' असं विचारतो. जोडी नको असेल तर एका जातीचा एकच मासा ठेवणं हा सगळ्यांत सोपा उपाय. ऑस्कर, सेव्हरम, चॉकलेट सिक्लिड हे एकेकटे आनंदाने राहतात. 'एकटा कंटाळेल' ही आपली समजूत. त्याला सोबत हवी असते ती त्याच्या अन्नाच्या डब्याची आणि डब्यामागच्या माणसाची. एका जातीचे दोन घेणं मात्र सगळ्यांत वाईट. दोघांपैकी जो थोडा जबर, तो दुसऱ्याला दिवसभर पळवतो आणि मार वाटून घ्यायला तिसरा कोणी नसतो. पाच-सहा घेतले तर राग विभागला जातो. दिसायला सारखे मासेही एकमेकांना भाऊबंद समजून भांडतात, मग जात वेगळी का असेना. तेव्हा रंग, आकार आणि पोहण्याची उंची जितकी वेगळी, तितका शेजार टिकतो.

एवढ्या माहितीवर सहा फुटी टाकीसाठी मला दोनच वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे एक दादा आणि त्याच्या दादागिरीला पुरून उरणारी मंडळी. दादा अर्थातच ऑस्कर, एकच. त्याच्याबरोबर एक सेव्हरम. अंगाने उंच, चपटा, वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, तोंड लहान, स्वभाव थंड. ऑस्करने ढुशी दिली तर बाजूला होतो, डूख धरत नाही. मधल्या थरात पाच-सहा सिल्व्हर डॉलर. गोल, चंदेरी, नावाप्रमाणे नाण्यासारखे, पिरान्हाच्या नात्यातले असून शाकाहारी. यांचं खरं काम निराळं आहे. रानात साळुंक्या निर्धास्त चरताना दिसल्या की ससा झुडपाबाहेर येतो. तसं, मोकळ्या पाण्यात डॉलरचा थवा बिनधास्त फिरतोय हे दिसलं की वर बगळा नाही, आजूबाजूला धोका नाही, असा अर्थ सिक्लिड घेतात आणि त्यांचा ताठा उतरतो. डॉलर मात्र तीन इंचांहून मोठे घ्या, आणि ऑस्कर लहान असताना घ्या. टाकीत जिवंत झाडं लावायचा विचार सोडून द्या. लावलेलं ऑस्कर उपटतो आणि डॉलर खातात. तळाला एक मोठा सकर.

सकरबद्दल दोन वाक्यं बोलायलाच हवीत. दुकानदार तो 'टाकी साफ करतो' म्हणून देतो. तो शेवाळ खातो हे खरं, पण त्याहून कितीतरी जास्त घाण तो स्वतः करतो, आणि बोटाएवढा घेतलेला सकर दोन-तीन वर्षांत हातभर होतो. सफाईसाठी सकर आणणं म्हणजे झाडूवाला म्हणून हत्ती ठेवणं.

दुसरी वाट पंगतीची, आणि मोकळेपणाने सांगायचं तर मला हीच जास्त आवडते. तीत ऑस्कर नाही. बारीक, गुळगुळीत वाळूचा तळ आणि तिच्यावर जिओफॅगस जातीच्या सहा-सात माशांचा कळप. नावाचा अर्थच माती खाणारा. हे मासे दिवसभर तोंडाने वाळू उचलतात, आतलं खाण्यासारखं ठेवून घेतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सांडतात. कल्ल्यांमागून पडणारी ती बारीक धार बघता बघता माझा पेपर वाचायचा राहिला आहे. खडी असलेल्या तळावर यांना ठेवणं म्हणजे दगडाची चटणी वाढणं. वाढून ते अठरा-वीस सेंटीमीटरचे होतात. त्यांच्यावर दोन सेव्हरम, वरच्या थरात काळे विडो टेट्रा किंवा डॉलर, आणि तळाला मोठ्या सकरऐवजी ब्रिसलनोज, जो पंधरा सेंटीमीटरपलीकडे सहसा जात नाही. लाकडाचे मोठे ओंडके असे मांडायचे की या टोकाचा मासा त्या टोकाच्या माशाला सरळ दिसू नये. नजरेआड झालेला शेजारी निम्मं भांडण वाचवतो.

दोन्ही वाटांवर काहींना दरवाजा बंद. फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीतला मासा नाही. १९९०च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडांचा संकर करून तो काढला. कपाळावरच्या टेंगळामुळे वास्तूसाठी शुभ म्हणून आपल्याकडे खपतो. त्याच्यासाठी टाकी एकट्याची हवी, हाच त्याचा शुभशकुन. रेड टेल कॅटफिश बोटभर असताना मिशा हलवत फार गोड दिसतो. तो मीटरभर होतो आणि वाटेत तुमचा ऑस्कर गिळतो. सिल्व्हर अरोवाना खरा दक्षिण अमेरिकन, पण पाऊण मीटरच्या पुढे वाढतो आणि दोन फूट रुंदीच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. 'पिरान्हा' म्हणून लाल पोटाची जी पिल्लं विकतात ती बहुतेकदा पाकूची असतात. म्हणजे मच्छी मार्केटात तुम्ही 'रूपचंद' म्हणून घेता तोच मासा. त्याची जागा टाकीत नाही, रवा लावून तव्यावर आहे.

आफ्रिकेच्या मलावी तलावातले पिवळे-निळे सिक्लिडही दुकानात याच टाक्यांत मिसळलेले असतात. त्यांना जड, आम्लारी पाणी लागतं आणि खाणं शेवाळाचं. मोरब्याच्या पाण्यात आणि ऑस्करच्या ताटात त्यांचे हाल होतात. आणखी एक फसवी जागा अशी: दक्षिण अमेरिका म्हणजे सगळं अ‍ॅमेझॉन नव्हे. उरुग्वेकडच्या जिम्नोजिओफॅगससारख्या जातींना वर्षातून काही महिने थंडी लागतेच. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं आणि जानेवारीतही खरी थंडी पडत नाही. असे मासे इथे वर्षभर उन्हाळा सोसून लवकर संपतात. इंटरनेटवर कितीही सुंदर दिसले तरी नकोत. डिस्कसला उलट २८ ते ३० अंश आवडतात, पण तो भित्रा, सावकाश खाणारा आणि पाण्याबाबत फार नाजूक. त्याची टाकी वेगळी, त्याचा लेखही वेगळा.

टाकी भरली की मासे लगेच आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, त्याचं नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. मित्राच्या जुन्या टाकीतला मळलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. नंतर मासे आणायचे ते गरीब आधी, दांडगा शेवटी. जिओफॅगस, डॉलर यांनी घर पाहून घेतलं की सेव्हरम, आणि सगळ्यांत शेवटी ऑस्कर, तोही सगळ्यांत लहान. चढत्या क्रमाने आणलं की दांडग्याला 'ही माझी जागा' म्हणायची सवय लागत नाही. वाढलेल्या टाकीत पुढे नवा मासा टाकायची वेळ आलीच, तर त्या दिवशी सगळे दगड-ओंडके हलवून नव्याने मांडा. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच एकाच वेळी नवखे होतात. दिवे रात्रभर बंद. नवा मासा त्याआधी दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवलेला असावा, हे सांगून लोक ऐकत नाहीत, तरी सांगतो.

खाण्याच्या बाबतीत हौशी लोक ऑस्करला जिवंत गोल्डफिश टाकून पाहुण्यांना तमाशा दाखवतात. गोल्डफिशच्या अंगात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, आणि दुकानातले स्वस्त गोल्डफिश रोगही घेऊन येतात. चिकन-मटणाची चरबी माशाला पचत नाही. चांगल्या गोळ्या, अधूनमधून सोललेली ताजी कोलंबी, आठवड्यात एकदा उकडलेला सोललेला वाटाणा. सेव्हरम आणि डॉलर यांना पालक, काकडी. एक दिवस उपास. पाणी घाण आणि आहार एकसुरी राहिला की मोठ्या सिक्लिडांच्या डोक्यावर खड्डे पडायला लागतात. ते दिसले की औषधाच्या दुकानाआधी पाण्याची बादली उचला. सहा फुटी टाकीचं आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे पंधरा-सोळा बादल्या होतात. काढलेलं पाणी सोसायटीच्या बागेला घाला, माळी खूश होतो.

वीज गेली तर काय, हाही शेजाराचाच प्रश्न आहे, कारण दहा मोठे मासे एकाच हवेत श्वास घेतात. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिशीवर साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात माशांची भूक आणि श्वास वाढतो तेव्हाच हवा कमी होते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी ग्रीडमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली होती. कोविडमुळे मी घरीच होतो, म्हणून निभावलं. स्टुलावर बसून मगाने टाकीचं पाणी उचलून वरून ओतत होतो. बायको ऑफिसची मीटिंग मोबाइलवर करत होती आणि मागून सतत पाण्याचा आवाज. दुसऱ्याच आठवड्यात बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप आणले. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला की आतले जिवाणू गुदमरून मरतात, तेव्हा वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. उघडून आतलं पाणी फेका, मगच चालू करा.

आणि शेवटी, मासा टाकीत मावेनासा झाला तर. माझ्याकडे वर्षाला दोन-तीन फोन असे येतात. बहुतेकांना वाटतं, जवळच्या गावाच्या तलावात सोडला तर पुण्य लागेल. कृपा करून हे करू नका. हातभर झालेले सकर असेच सोडले गेले आणि आज भारतातल्या अनेक पाण्यांत कोळ्यांची जाळी फाडत आहेत. पनामाच्या गाटुन तलावात १९६७ च्या सुमारास पीकॉक बास हा दक्षिण अमेरिकन सिक्लिड शिरला आणि काही वर्षांत तिथल्या मूळच्या माशांच्या बहुतेक जाती तलावातून नाहीशा झाल्या. मासा विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा, मोठा झाल्यावर परत घेणार का. 'नाही' म्हणाला तर दुसरं दुकान बघा, हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारा, मोठी टाकी असलेलं कोणीतरी सापडतंच.

चिलापी आपल्याकडची नव्हे. १९५२ साली मत्स्यशेतीसाठी म्हणून तिला भारतात आणलं. आज उजनीच्या जाळ्यात ती येते, आपल्या मार्केटातल्या पाटीत येते, आणि नदीतून तिला काढून टाकण्याचा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.